भेंडीतली अळी आणि तिचा वैरी: कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांची जीवनकथा



मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात पावसाळ्यात परसात आणि भातकापणीनंतर पाण्याची सोय असलेल्या जागी भेंडी लावली जाते. रोप हातभर वाढले की एखाद्या सकाळी काही शेंडे माना टाकलेले दिसतात. असा शेंडा मोडून उभा चिरला तर आत ठिपक्यांची तपकिरी अळी सापडते. पुढे हीच अळी फळात शिरते, फळ वाकडे होते आणि बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. ही भेंडीवरील शेंडे व फळे पोखरणारी अळी तुमच्या परिचयाची आहे. मात्र हीच अळी कापसावर गेली की तिला ठिपक्यांची बोंडअळी म्हणतात. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी तिने पंजाब आणि सिंधमधल्या कापूस शेतकऱ्यांना रडवले होते आणि तिला आवरण्यासाठी एका इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने फवारा न उचलता एका चिमुकल्या गांधीलमाशीची मदत घेतली होती.

त्यांचे नाव हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय. भारतातल्या शेती-कीटकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या आयुष्याची एक बाजू मित्रकीटकांची आहे आणि दुसरी विषाची. फवारणी करायची की थांबायचे, हा प्रश्न तुम्हाला दर हंगामात पडतो, म्हणून या दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या आहेत.

आधी या गांधीलमाशीबद्दल

गांधीलमाशी म्हटले की घराच्या वळचणीला पोळे करणारी, डंख मारणारी माशी डोळ्यांसमोर येते. इथे सांगतो आहोत त्या माश्या मुंगीएवढ्या किंवा त्याहूनही लहान असतात. त्या पोळे करत नाहीत आणि माणसाच्या वाटेलाही जात नाहीत. मादीला पतंगाची अळी, अंडे किंवा कोष हवा असतो, कारण तिची पिल्ले त्यावरच वाढतात. उवा किंवा गोचिडी रक्त पितात, पण जनावर जगते. या माश्यांचे तसे नाही. ज्या अळीवर त्यांचे पिल्लू वाढते ती अळी शेवटी मरतेच. म्हणून त्यांना परोपजीवी मित्रकीटक म्हणतात.

यांचे प्रकार लक्षात ठेवा. ट्रायकोग्रामा ही माशी पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. अपँटेलिस अळीच्या शरीरात अंडे घालते. पिल्लू आतून अळी खाते आणि पुरेसे वाढले की बाहेर येऊन शेजारी छोटा पांढरा कोष विणते. ब्रॅकॉन ही माशी आधी अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. तिची पिल्ले बाहेरून चिकटून अळीचा रस शोषतात. ब्रॅकिमेरिया ही माशी पतंगाच्या कोषात वाढते आणि कोषाला गोल भोक पाडून बाहेर पडते. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांची गोष्ट यांतल्या ब्रॅकॉन माशीशी जोडलेली आहे.

इंग्लंड ते वेस्ट इंडीज

मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा जन्म २० जानेवारी १८७७ रोजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात क्रोंडल इथे झाला. शालेय शिक्षण मार्लबरो कॉलेजमध्ये झाले. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधून १८९८ मध्ये त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी पहिल्या वर्गात मिळवली. काही काळ त्यांनी शाळेत शिकवले, पण त्यात ते रमले नाहीत. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांवरील सरकारी कृषी खात्यात कीटकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले.

तिथे मुख्य पीक ऊस, आणि उसाची मोठी कीड म्हणजे खोड पोखरणारी पतंगाची अळी. खोडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत फवारलेले औषध सहसा पोहोचत नाही, हा धडा अशा पिकात काम करणाऱ्याला पहिल्याच वर्षी मिळतो. तुम्हीही तो घेतलेला आहे. भेंडीच्या शेंड्यात किंवा फळात शिरलेल्या अळीवर फवारणी करून फारसा उपयोग होत नाही. फवारा सालीवर पडतो आणि अळी आत सुखरूप राहते.

सुरत आणि पुसा

१९०३ मध्ये त्यांची भारत सरकारचे कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या आधी या पदावर असलेले लायोनेल द निसेव्हिल फुलपाखरांचे मोठे जाणकार होते. १९०१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि जागा रिकामी राहिली होती. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी आपले काम मुंबई इलाख्यातल्या सुरतेत सुरू केले. तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि तो जिल्हाही याच इलाख्यात होता. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १९८१ मध्ये झाला.

१९०५ मध्ये बिहारमधील पुसा इथे कृषी संशोधन संस्था उभी राहिली. हेन्री फिप्स या अमेरिकन दानशूराने दिलेल्या ३० हजार पौंडांच्या देणगीचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. कीटकशास्त्र विभाग तिथे हलला. १९३४ च्या बिहार भूकंपात या संस्थेच्या इमारतीचे मोठे नुकसान झाले आणि १९३६ मध्ये ती दिल्लीला गेली. आज आपण भारतीय कृषी अनुसंधान संस्था म्हणून ओळखतो ती हीच.

पुशात त्यांनी अळ्या गोळा करून पिंजऱ्यांत वाढवण्याचे काम लावून दिले. कोणत्या अळीचा कोणता पतंग होतो, तिला किती दिवस लागतात, ती कोणत्या पिकावर जगते, याच्या नोंदी होऊ लागल्या. अळ्या अशा वाढवताना एक गोष्ट वारंवार घडते. डबीत अळी ठेवलेली असते आणि काही दिवसांनी पतंगाऐवजी तिथे बारीक माश्या फिरताना दिसतात. एखाद्याला हे काम फसल्यासारखे वाटेल. जाणत्या कीटकशास्त्रज्ञासाठी मात्र ही सर्वात मोलाची नोंद असते, कारण शेतात त्या किडीचा वैरी हजर आहे हे त्यातून कळते.

१९०५ ची बोंडअळी

१९०५ च्या हंगामात पंजाब आणि सिंधमध्ये बोंडअळीने कापसाचे फार मोठे नुकसान केले. ही ठिपक्यांची बोंडअळी होती. हिरवी घाटेअळी आणि गुलाबी बोंडअळी या वेगळ्या किडी आहेत.

मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी या संकटाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. अळी तर दरवर्षी असते, मग याच वर्षी ती इतकी का वाढली, असा विचार त्यांनी केला. इतर भागांत बोंडअळीवर ब्रॅकॉन गटातली एक छोटी माशी वाढताना आढळत होती. मादी बोंडाच्या आत असलेल्या अळीला शोधून काढते, तिला लुळी करते आणि तिच्यावर अंडी घालते. पंजाबात हा वैरी कमी पडला, म्हणून अळी मोकाट सुटली, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मग उपायही त्याच दिशेने झाला. जिथे ही माशी होती तिथून माशी लागलेल्या अळ्या गोळा करून त्या पंजाबात पाठवण्यात आल्या आणि कापसाच्या शेतांत माश्या बाहेर पडू देण्यात आल्या. परोपजीवी माशी मुद्दाम एका भागातून दुसऱ्या भागात नेऊन पिकावर सोडण्याचा भारतातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक होता. आज तुम्ही ट्रायकोकार्ड पानाला टाचता किंवा माडावर मित्रकीटक सोडता, त्या वाटेवरची ही पहिली पावले म्हणता येतील.

पुढे १९१४ मध्ये या माशीचे शास्त्रीय नामकरण झाले, तेव्हा मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या नावावरून तिला लेफ्रॉयी हे जातिनाम देण्यात आले. आज ती ब्रॅकॉन लेफ्रॉयी या नावाने ओळखली जाते.

श्रेय माशीचे की हवामानाचे?

बोंडअळीची संख्या एका वर्षी चढते आणि दुसऱ्या वर्षी उतरते. पाऊस, थंडी, पेरणीची वेळ, आधीच्या हंगामातले पिकाचे अवशेष यांवर ते अवलंबून असते. त्यामुळे माश्या सोडल्यानंतरच्या वर्षी अळी कमी झाली तरी ती माशीमुळेच झाली असे एकदम म्हणता येत नाही. माश्या न सोडलेले शेजारचे शेत तुलनेसाठी हवे, आणि दोन्हीकडच्या अळ्या मोजायला हव्यात. मोठ्या मुलखात घाईने केलेल्या उपायात अशी तुलना अवघड असते.

ही गोष्ट तुमच्या बागेलाही लागू आहे. औषध मारले आणि कीड कमी झाली, म्हणजे औषधाने कमी झाली असे आपण धरून चालतो. कधी ती पावसाने कमी होते, कधी पिढी संपल्यामुळे आणि कधी मित्रकीटकांमुळे. म्हणून कोणताही नवा उपाय करताना भेंडीच्या दोन ओळी किंवा माडाची दोन-चार झाडे उपायाशिवाय सोडा. मित्रकीटक उडून शेजारी जातात, तेव्हा या ओळी शक्यतो थोड्या अंतरावर ठेवा. पंधरा दिवसांनी दोन्हीकडचे मोजा. हा खर्च नसलेला प्रयोग तुम्हाला दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा जास्त शिकवेल.

पुस्तके आणि घरातला आघात

१९०६ मध्ये त्यांचे भारतातील पिकांच्या किडींवरचे पुस्तक आले. १९०९ मध्ये एफ. एम. हाउलेट यांच्या मदतीने त्यांनी भारतातल्या कीटकसृष्टीवर मोठा ग्रंथ काढला. त्यातील चित्रांसाठी पुशातल्या भारतीय चित्रकारांचे हात राबले. किडीचे चित्र अचूक असेल तर अक्षरओळख नसलेला शेतकरीही ती ओळखू शकतो. आजही तुम्ही मोबाइलवर किडीचा फोटो पाठवून सल्ला विचारता, तेव्हा पहिले काम ओळख पटवण्याचेच असते.

भारतात असतानाच त्यांच्या घरावर मोठा आघात झाला. कीटकांमार्फत पसरणाऱ्या आजारांनी त्यांची दोन मुले दगावली. ज्या माणसाचे आयुष्य कीटकांच्या अभ्यासात गेले, त्याच्या घरात कीटकांनीच मृत्यू आणला. त्यानंतर ते इंग्लंडला परतले आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये कीटकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

विषाकडे वळलेली वाट

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सैन्याच्या छावण्यांमधल्या माश्यांचा बंदोबस्त करण्यासाठी पाठवले गेले. साठवलेल्या गव्हातील सोंड्यांच्या प्रश्नासाठी ते ऑस्ट्रेलियालाही गेले. आता त्यांच्यासमोरच्या किडी शेतातल्या राहिल्या नव्हत्या. त्या कोठारातल्या, छावणीतल्या आणि इमारतींमधल्या होत्या.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे छत ओक लाकडाचे आहे आणि ते चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले आहे. १९१४ च्या सुमारास त्याच्या तुळया लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी आतून पोकळ केल्याचे लक्षात आले. त्यावर उपाय शोधण्याचे काम मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्याकडे आले आणि त्यांनी लाकडाला लावायचे कीडनाशक मिश्रण तयार केले. त्याला मागणी वाढली, तेव्हा ते बाटल्यांतून विकायला सुरुवात झाली. १९२५ मध्ये त्यातून रेंटोकिल ही कंपनी उभी राहिली. कीटकांसाठीच्या ग्रीक शब्दावरून एंटोकिल असे नाव त्यांच्या मनात होते. ते नोंदणीत अडले आणि पुढे एक अक्षर जोडून रेंटोकिल झाले. शहरांत वाळवी आणि उंदीर-घुशींच्या बंदोबस्तासाठी हे नाव आजही ऐकू येते.

मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी मित्रकीटकांची बाजू सोडून विषाची बाजू धरली, असा याचा अर्थ लावू नका. तुळईतल्या भुंगेऱ्यासाठी लवकर परिणाम करणारी माशी कुठून आणणार? बंद जागेत, मेलेल्या लाकडात, जिथे वैरी कीटक टिकत नाही तिथे औषध लागते. उघड्या शेतात मात्र एका किडीमागे तिचे अनेक वैरी फिरत असतात. तिथे तेच औषध किडीबरोबर वैऱ्यांनाही मारते. एकाच माणसाने दोन जागी दोन वेगळे उपाय का केले, ते यावरून समजते.

प्रयोगशाळेतला शेवट

ऑक्टोबर १९२५ मध्ये घरमाश्या मारण्यासाठी विषारी वायूंचे प्रयोग त्यांनी चालवले होते. १० ऑक्टोबरला ते आपल्या प्रयोगशाळेत बेशुद्ध पडलेले आढळले. शुद्धीवर न येताच १४ ऑक्टोबर १९२५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय होते अवघे ४८.

विष कसे काम करते हे त्यांच्याइतके जाणणारे त्या काळी थोडेच होते. तरीही बंद खोलीत एकट्याने काम करताना ते सापडले. आपल्याकडे काजूच्या किंवा आंब्याच्या बागेत फवारणी करताना तोंडाला रुमालही न बांधता, वाऱ्याच्या उलट दिशेला उभे राहून पंप चालवणारे अनेक जण दिसतात. औषधाची सवय झाली म्हणजे अंगाला ते लागत नाही असे नसते. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी दर वेळी पाळा. बंद खोलीत औषध मिसळू नका आणि फवारणीला एकटे जाऊ नका.

तुमच्या बागेत हे कसे वापराल?

भेंडीसाठी: मान टाकलेले शेंडे आणि भोक पडलेली फळे दर दोन-तीन दिवसांनी काढा. ती बांधावर टाकू नका, कारण अळी तिथेच कोषात जाते. काढलेल्या मालातल्या दहा-पंधरा अळ्या भेंडीच्या तुकड्यांसह काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमलचे फडके बांधा आणि बरणी सावलीत ठेवा. खाद्य दोन दिवसांनी बदला. दोन आठवडे रोज बघा. अळी लुळी पडून तिच्या अंगावर पांढुरकी पिल्ले दिसली, शेजारी बारीक कोष दिसले किंवा बरणीत मुंगीएवढ्या माश्या उडू लागल्या, तर तुमच्या शेतात मित्रकीटक कामाला लागले आहेत असे समजा. त्या माश्या भेंडीच्या ओळीत सोडून द्या. दहा-पंधरांपैकी तीन-चार अळ्यांवर जरी त्या निघाल्या तरी सर्वनाशक औषधाची फवारणी टाळून आधी शेंडे-फळे काढणे, कामगंध सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क यांवर भर द्या.

माडासाठी: किनारपट्टीच्या बागांत उन्हाळ्याच्या तोंडाला काळ्या डोक्याची अळी वाढते. ती पातीच्या खालच्या बाजूला जाळी आणि विष्ठेची नळी करून आत राहते आणि हिरवा भाग खरवडते. झावळ्या करपल्यासारख्या दिसतात आणि फळधारणा घटते. उंच माडावर फवारा पोहोचवणे कठीण असते आणि पोहोचला तरी अळी नळीत असते. इथे गोनिओझस ही काळी, मुंगीसारखी गांधीलमाशी उपयोगी पडते. मादी नळीत शिरून अळीला लुळी करते, अंगावर अंडी घालते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत त्यांची राखणही करते. ब्रॅकॉन माशीही याच अळीवर चालते, तर कोषांवर ब्रॅकिमेरिया काम करते.

सर्वात खालच्या, जास्त पोखरलेल्या झावळ्या कापून नष्ट कराव्यात अशी शिफारस आहे. जाळण्याआधी मात्र दोन-चार पाती उलटून बघा. लुळ्या अळ्या किंवा बारीक कोषांचे पुंजके दिसले तर तो भाग बाजूला काढून जाळीच्या पिशवीत ठेवा आणि माश्या बाहेर पडल्यावर बागेतच सोडा. गोनिओझस आणि ब्रॅकॉन सोडायचे ते अळ्या मध्यम ते मोठ्या वाढीच्या असताना. बागेत नुसते कोष असतील तर त्यांचा उपयोग होत नाही. एका बागेत सोडून शेजारच्या बागेत काहीच केले नाही तर कीड परत येते, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात हे काम करावे. मित्रकीटक सोडण्याच्या आधी आणि नंतर काही आठवडे माडावर रासायनिक फवारणी टाळा.

मित्रकीटकांची उपलब्धता, माडामागे सोडायची संख्या आणि योग्य वेळ याबाबत किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्र, वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राकडे चौकशी करा. जाताना कीडग्रस्त पातीचा तुकडा आणि बरणीतल्या अळ्या सोबत न्या.

मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०५ मध्ये जो प्रश्न विचारला तोच तुम्ही विचारा. अळी आहे, हे दिसतेच आहे. तिचा वैरी कुठे गेला? तो बागेत असेल तर त्याला जपा. नसेल तर आणा. आणि पंप खांद्यावर घ्यायची वेळ आलीच, तर तो घेण्याआधी दोन आठवडे बरणीकडे पाहिलेले असू द्या.